स्टीलच्या पॅनला हाफ फ्राय चिकटायचं, ते असं थांबलं

आमच्याकडे इंदूरला रविवारी पोह्यांसोबत मुलांना हाफ फ्राय लागतंच, आणि दर वेळी तेच, खाली चिकटणार, उलथनं घातलं की बलक फुटणार, वरचं पांढरं मात्र कच्चं आणि बुळबुळीत. फार वैताग आला होता.

तेल वाढवून पाहिलं, अंडं तळल्यासारखं झालं, कडा जळल्या. गार पॅनमध्ये टाकलं तर जास्तच चिकटलं.

जमलं ते असं. अंडी फ्रीजमधून अर्धा तास आधी काढायची. रिकामा पॅन मीडियम गॅसवर 2-3 मिनिटं तापवायचा आणि पाण्याचे थेंब टाकायचे, चुरचुरून लगेच उडून गेले तर पॅन अजून कमी तापलाय, गोळी होऊन मोत्यासारखे पळायला लागले की बरोबर. मग गॅस एकदम बारीक, दोन चमचे तेल, पॅन फिरवून सगळीकडे लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे, नाहीतर कडा जळतात. अंडं आधी वाटीत फोडून मग हळूच सोडायचं, आणि एक मिनिट अजिबात हात लावायचा नाही, खालचं पांढरं घट्ट झालं की ते आपोआप सुटतं. मग कडेला एक छोटा चमचा पाणी आणि लगेच झाकण, 40 सेकंद. पांढरं 62 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं आणि बलक 65 ते 70 ला, म्हणून वाफेने वरचं पांढरं शिजतं नि बलक पातळ राहतो. मीठ-मिरपूड ताटात घेतल्यावर.