जुन्या मारुती ८००ला आताचं पेट्रोल मानवावं म्हणून

आमची मारुती ८०० सासऱ्यांनी १९९७ साली घेतलेली, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल हवेत मिसळणारा भाग), एमएच-०७ची, म्हणजे सिंधुदुर्गातली. गेल्या मे महिन्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला कुडाळहून सावंतवाडीला निघालो आणि झारापच्या पुढे गाडी गचके खायला लागली, मग बंदच पडली. भर उन्हात सासूबाई अर्धा तास आंब्याखाली बसून होत्या.

मिस्त्रीने नंतर गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाजवळचा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. बाहेरून चांगला दिसत होता. दोन बोटांत दाबला तर आतल्या अंगाच्या भेगा उघडल्या आणि अंगठ्याला काजळासारखं काळं, चिकट काहीतरी लागलं. "वयनी, ह्यो काळोच कार्बोरेटरात जाता," तो म्हणाला. तेव्हापासून मी हे काम नीट शिकून घेतलं. जुनी गाडी घरात असलेल्यांसाठी लिहितेय.

पेट्रोल पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल घाटावरच्या उसाच्या मळीचं, रसाचं, मक्याचं, तांदळाच्या कणीचं. २०२२च्या जूनमध्ये देशात १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३मध्ये २० टक्क्यांची विक्री सुरू झाली. आपल्या गाड्यांचं रबर त्याच्या कितीतरी आधीचं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं. टाकीतला वर्षानुवर्षांचा राप आणि गंज सोडवतं. आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. काम करायचं ते या तिन्हींसाठी.

सुरुवात रबरापासून करा. गाडी खळ्यात, उघड्यावर घ्या. जवळपास चूल नको, समई नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा, पेट्रोल धातूच्या झाकणबंद डब्यात काढा, प्लास्टिकच्या बादलीत कधीच नाही. मग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदला. दिसणारे दोन बदलून थांबू नका. टाकीच्या तोंडाशी आणि गाडीच्या पोटाखाली लोखंडी नळीला जोडलेले तुकडेच जास्त कुजलेले असतात. दुकानात जुना तुकडा माप म्हणून न्या आणि पाइपवर "एसएई जे३० आर९" छापलेलं बघून घ्या. तो आतून इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा असतो. साधा काळा पाइप स्वस्त पडतो, पण वर्षा-दोन वर्षांत परत तेच दुखणं. क्लिपाही नव्याच घ्या, आपल्या खाऱ्या हवेत जुन्या क्लिपा आवळताना तुटतात.

टाकी. आत टॉर्च मारू नका, वाफेला ठिणगी पुरते. काढलेलं पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर तांबडी भुकटी दिसली तर टाकी उतरवून धुवून घ्यायची. नुसती पिवळट झाक असेल तर फिल्टरवर भागतं.

कार्बोरेटर आणि पंप. कार्बोरेटरची दुरुस्ती किट घ्या. त्यात नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोलची आवक अडवणारी सुई), ॲक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबल्यावर जास्तीचं पेट्रोल सोडणारा भाग) रबरी पडदा आणि गॅस्केट (सांधे बंद करणाऱ्या पातळ चकत्या) येतात. यांपैकी पडदा सगळ्यांत आधी जातो. तो कडक झाला की पाय दाबल्यावर गाडी क्षणभर श्वास अडकल्यासारखी करते. इंजिनाला लावलेल्या यांत्रिक पंपातही असाच पडदा असतो. तो सुटा मिळत नसेल तर पंपच नवा घ्या, कारण पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का, तेवढं नाकाने बघत जा.

फिल्टर पारदर्शक लावा आणि पहिल्या टाकीनंतर बदला, मग दुसऱ्या टाकीनंतर पुन्हा. सुटलेला सगळा गाळ तिथेच येतो. माझा पहिला फिल्टर दोनशे किलोमीटरमध्ये चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. एक जास्तीचा डिकीत असू द्या.

मिश्रण. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५. म्हणजे जुन्याच सेटिंगवर गाडीला पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळतो, कार्बोरेटर सांभाळत नाही. स्पार्क प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर मिश्रण कोरडं आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पीयूसी काढताना सीओचा (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा कामाआधी आणि कामानंतर लिहून ठेवा, इतक्या कमी पैशांत दुसरं मोजमाप मिळत नाही. आकडा अगदी शून्याजवळ आणि गाडी चढावर अडखळते, तर मेन जेट (कार्बोरेटरातला, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) एक नंबर मोठा घाला. जेटला सुई घालून भोक मोठं करणारे भेटतील. त्यांना करू देऊ नका, ते भोक परत लहान होत नाही. मायलेज शेकडा ६-७ने उतरेल हे धरूनच चला. इथेनॉलमध्ये ताकदच कमी असते, मिस्त्रीचा त्यात दोष नाही.

आता आपल्याकडचं खरं संकट, पाऊस. चार महिने गाडी मांगरात आणि टाकी अर्धी, हे सगळ्यांत वाईट. रिकाम्या जागेत दमट हवा येते, रात्री गार पत्र्यावर पाणी धरतं, इथेनॉल ते ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. मग वरून पाच लिटर ताजं ओतून काही होत नाही, टाकी रिकामी करावी लागते. म्हणून मिरगाच्या आधी टाकी गच्च भरा आणि टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर नवा घाला. मी दर बुधवारी बाजाराला हीच गाडी काढते, दहा-बारा किलोमीटर होतातच. नुसती जागेवर चालू करून बंद करू नका. इंजिन गरम होत नाही.

पेट्रोलात इथेनॉल किती, हे घरी बघता येतं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं १०० मिलीचं मोजपात्र घ्या, त्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल. तोंड झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २७-२८ मिलीपर्यंत आला तर पेट्रोल २० टक्क्यांचं. हे खळ्यातच करा, आणि उरलेलं गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. मी बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे देते.