तरुण फिरकीपटू कसोटीत टिकेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा स्टेडियम. डोंबिवलीचा नीलेश कुलकर्णी कसोटीतला आपला पहिलाच चेंडू टाकतो आणि मर्वन अटापट्टू बाद! पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली, श्रीलंकेने ६ बाद ९५२ वर डाव घोषित केला आणि नीलेशच्या नावापुढे ७० षटकं, १९५ धावा, १ बळी अशी नोंद झाली. तो एकूण तीनच कसोट्या खेळला, बळी दोन.

पहिल्या चेंडूवरून त्याला डोक्यावर घेणं चूक होतं, हे तर उघडच आहे. पण त्या १९५ धावांवरून मोडीत काढणंही तेवढंच चूक होतं. त्याच डावात अनिल कुंबळेला २२३ धावांत एकच बळी मिळाला, आणि कुंबळे पुढे ६१९ बळींवर थांबला. त्या पाट्यावरून, म्हणजे सपाट खेळपट्टीवरून, कोणाविषयी काहीच कळण्यासारखं नव्हतं.

फिरकीपटूच्या बाबतीत चाहते, क्लबचे कोच आणि कधी कधी निवड समित्याही बळींच्या रकान्यापासून सुरुवात करतात. खरं तर तो रकाना सगळ्यात शेवटी बघायचा. बळी मिळत नसताना पोरगा काय टाकतो, यावर तो किती वर्षं खेळेल हे ठरतं.

पदार्पणावरून निकाल लावणं

जानेवारी १९८८, चेन्नईचं चेपॉक. १९ वर्षांचा नरेंद्र हिरवाणी, समोर व्हिव रिचर्ड्सचा वेस्ट इंडीज, आणि १३६ धावांत १६ बळी. पहिल्या चार कसोट्यांत ३६ बळी घेतले, तेव्हा देशाला पुढच्या दहा वर्षांचा लेगस्पिनर मिळाला असंच सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात कारकीर्द १७ कसोट्या आणि ६६ बळींवर संपली. म्हणजे पहिल्या चार कसोट्या वगळल्या तर उरलेल्या तेरांत ३०. त्या चारही कसोट्या भारतात झाल्या होत्या, हे तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

नागपूरच्या जामठ्यावर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणात १२ बळी घेतले, ३५८ धावा देऊन. त्याला नंतर एकच कसोटी मिळाली. उलट शेन वॉर्नचं पदार्पण बघा: सिडनी, जानेवारी १९९२, १५० धावांत १ बळी, तोही २०६ करून झालेल्या रवी शास्त्रीचा. पुढच्या कसोटीत भोपळा. तरी ऑस्ट्रेलियाने त्याला सोडलं नाही, कारण धावा जात असल्या तरी चेंडू हवेत आत वाहत होता, टप्प्यावर हातभर वळत होता, आणि चार पावलं चालत येऊन टाकायची अ‍ॅक्शन इतकी साधी होती की त्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतं. त्या माणसाने ७०८ बळी घेतले.

आखाड्यावरचे बळी मोजणं

आखाडा म्हणजे चेंडू भरपूर वळवणारी खेळपट्टी. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुंबईत कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर कोणाही बऱ्या फिरकीपटूला पाच-सहा बळी मिळतात, म्हणून जुने लोक पावसाळ्यातल्या आकड्यांवर फलंदाजांना मार्क देतात, फिरकीपटूंना नाही. कसोटीत मात्र आपण हे साफ विसरतो.

पुण्याजवळचं गहुंजे, फेब्रुवारी २०१७. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे १२ बळी घेतले आणि भारत १०५ व १०७ मध्ये गुंडाळला गेला. आयसीसीने ती खेळपट्टी ‘खराब’ ठरवली. मालिकेतल्या उरलेल्या तीन कसोट्यांत ओकीफला मिळून सात बळी मिळाले, आणि त्याच वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपली. तो वाईट गोलंदाज होता असं अजिबात नाही. सरळ जाणारा चेंडू त्याने अचूक वापरला; वळेल म्हणून खेळणारे आपले फलंदाज बॅटच्या बाहेरून चकत राहिले. पण पुण्यातल्या त्या तीन दिवसांवरून त्याच्या पुढच्या तीन वर्षांचा अंदाज बांधता येत नव्हता.

रणजीचंही हेच. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन एका मोसमाचा विक्रम केला, पण प्लेट या खालच्या गटात, बहुतेक नव्याने आलेल्या संघांविरुद्ध. तो विक्रम २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळींनी मोडला, तोही वरच्या गटात आणि विजेत्या संघाकडून. फरक फक्त एका बळीचा दिसतो, पण दोन्ही कामगिऱ्या एका तागडीत घालता येणार नाहीत. आणि ६९ हा आकडासुद्धा मी जसाच्या तसा घेणार नाही. स्कोअरकार्ड उघडायचं आणि तीन गोष्टी शोधायच्या: सामन्याच्या पहिल्या डावातले बळी किती, पहिल्या पाच फलंदाजांपैकी किती, आणि ज्या सामन्यांत दोन्ही संघांनी चारशेच्या वर धावा केल्या तिथे त्याने षटकामागे किती दिल्या. तिसरा आकडा कंटाळवाणा असतो, म्हणून कोणी बघत नाही. परदेशातल्या कसोटीत पहिल्या दोन दिवशी फिरकीपटूला नेमकं तेच काम करायचं असतं.

नुसत्या वळणावर भुलणं

चेंडू किती वळला हे टीव्हीवर चटकन दिसतं. चेंडू हवेत काय करतो, ते बघायला नजर बसावी लागते. कसोटीचा फलंदाज टप्प्यानंतरच्या वळणाशी जुळवून घेतो. त्याला फसवतो तो अपेक्षेपेक्षा आधी खाली बसणारा चेंडू. असा डिप मिळायला चेंडू नुसता आडवा फिरून चालत नाही, पुढच्या दिशेनेही फिरावा लागतो. नेथन लायनकडे हेच आहे. त्याच्या चेंडूला उसळी मिळते ती या ओव्हरस्पिनमुळे, म्हणून ज्या ऑस्ट्रेलियात भलेभले ऑफस्पिनर हात हलवत परतले तिथेही तो टिकला आणि कसोटीत एकूण पाचशे बळींच्या पुढे गेला.

नेटमध्ये पोरगा बघायचा असेल तर आधी पंचाच्या जागी उभे राहा. उजव्या हाताचा ऑफस्पिनर असेल तर चेंडू हवेत उजव्या फलंदाजापासून दूर, स्लिपकडे सरकतोय का बघा आणि मग आत येतोय का ते बघा. दोन्ही होत असेल तर बोटांत जीव आहे. मग बाजूला, स्क्वेअर लेगला या. चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या वर जातो का? वर जाऊन आपसूक पडतो, की शेवटी एकदम खाली येतो? फलंदाज पुढे येऊन मधेच अडखळतो आणि बॅट शरीरापासून लांब जाते, ती खूण हमखास. कान उघडे ठेवले तर चांगला फिरवलेला चेंडू सुटतानाचा बारीक फुर्र आवाजही येतो. जुने कोच त्यावरच अर्धा निकाल देऊन टाकतात, आणि बहुतेकदा बरोबर देतात.

‘मिस्टरी’चं, म्हणजे फलंदाजाला न कळणाऱ्या चेंडूंचंही थोडं असंच. अजंथा मेंडिसने २००८ मध्ये पहिल्या तीन कसोट्यांत भारताचे २६ बळी घेतले. द्रविड-लक्ष्मणसारख्यांना त्याचा कॅरम बॉल, बोटाने टिचकी मारून सोडलेला चेंडू, कळेना. नंतर व्हिडिओ बघून बघून सगळ्यांना कळला. १९ कसोट्यांत ७० बळींवर तो थांबला. नवे प्रकार किती आहेत याआधी रोजचा चेंडू कसा आहे हे विचारावं: षटकातले चार चेंडू डोळे मिटून त्याच जागी पडतात का? नसतील पडत, तर गुगलीचं (लेगस्पिनरच्या उलट्या वळणाऱ्या चेंडूचं) कौतुक पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.

मार बसला की ‘जोरात टाक’ म्हणणं

हे वाक्य आपल्या मैदानांवर इतकं ऐकू येतं की पोरांना तो नियमच वाटतो. सपाट आणि जोरात टाकलं की धावा थांबतात, कोच खूश होतो, आणि दोन मोसमांत फ्लाईट, म्हणजे चेंडूला हवेत दिलेली उंची, कायमची जाते.

पण उलटी चूकही होते. हळू टाकणं म्हणजेच कला, असं मानणारे कमी नाहीत. कुलदीप यादवने जानेवारी २०१९ मध्ये सिडनीत ९९ धावांत ५ बळी घेतले, ‘परदेशातला आमचा पहिल्या क्रमांकाचा फिरकीपटू’ असं प्रशिक्षकांनी जाहीर केलं, आणि पुढची कसोटी खेळायला त्याला फेब्रुवारी २०२१ उजाडला. फलंदाज त्याला मागे जाऊन, टप्प्यानंतर वाचून खेळायला लागले होते. २०२१ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने रनअप (चेंडू टाकण्याआधीची धाव) सरळ केला आणि शरीराचा जोर वाढवला. वेग वाढला, पण फिरकी कमी झाली नाही. २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध चार कसोट्यांत १९ बळी. वेग खांद्याने रेटून वाढवला की चेंडू मरतो, रनअपमधून आणि कंबरेतून आला की जिवंत राहतो. कुलदीपने दुसरं केलं.

तेव्हा पोरगा मार खायला लागला तर आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. वारंवार आखूड पडत असेल तर पुढचा हात लवकर खाली येतोय का बघा; तो पडला की डोकं बाजूला कलतं आणि चेंडू मागे ओढला जातो. फुलटॉस जात असतील तर चेंडू लवकर सुटतोय, बहुतेक वेळा थकव्यामुळे, म्हणजे षटकं जास्त झालीत. चेंडू वळायचा थांबला असेल तर पुढचा पाय पाहा. तो फार आडवा पडला की कंबर अडते आणि चेंडू फिरवण्याऐवजी ढकलला जातो. आणि ऑफस्पिनरची तर्जनी एकदा हातात घेऊन बघाच. कातडी फाटलेली असते, आणि संघाबाहेर बसावं लागेल म्हणून पोरं ती लपवतात.

यातलं काहीच नसेल तर क्षेत्ररचना बघा. १९ वर्षांच्या लेगस्पिनरला पहिल्या षटकापासून चार जण सीमारेषेवर देणारा कर्णधार असेल, तर बिघाड त्या पोरात नाही.

अ‍ॅक्शनकडे काणाडोळा

चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होणं चालतं, त्यापुढे नाही. सईद अजमलने ३५ कसोट्यांत १७८ बळी घेतले, सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅक्शनवर बंदी आली आणि नंतर तो कसोटी खेळलाच नाही. पंधराव्या वर्षी शंका आली तर पंधराव्या वर्षीच कॅमेरा लावा. पंचविशीत हात बदलणं म्हणजे नव्याने गोलंदाजी शिकणं.

आयपीएलवरून कसोटी ठरवणं

चार षटकांत १२ निर्धाव चेंडू टाकणं हे कौशल्यच आहे, पण वेगळं. युझवेंद्र चहल इतकी वर्षं पांढऱ्या चेंडूने खेळला, कसोटी एकही नाही. एकाच फलंदाजाला सलग वीस षटकं टाकताना काय होतं, ते आयपीएलमध्ये दिसूच शकत नाही.

वयाची घाई

लक्ष्मण शिवरामकृष्णन १७ व्या वर्षी कसोटी खेळला, १९८४ मध्ये मुंबईत इंग्लंडचे १२ बळी घेतले, आणि २० वर्षांचा असताना त्याची शेवटची कसोटी होऊन गेली होती. मणिंदरसिंगही १७ व्या वर्षीच आला. ‘दुसरा बेदी’ हे ओझं घेऊन खेळला आणि मधेच त्याची लय हरवली ती हरवलीच. दुसरीकडे ग्रॅम स्वानचं पदार्पण २९ व्या वर्षी, २५५ बळी. दिलीप दोशी ३१ व्या वर्षी आले आणि ११४ बळी घेऊन गेले. रंगना हेराथ १९९९ मध्ये आला, पण मुरलीधरनच्या सावलीत दहा वर्षं आत-बाहेर करत राहिला; त्याचे ४३३ पैकी बहुसंख्य बळी मुरली निवृत्त झाल्यानंतरचे. डॅनियल व्हेटोरीसारखा १८ व्या वर्षी येऊन टिकणारा असतोही, पण त्याच्यावरून नियम बनवू नका. २२ वर्षांचा फिरकीपटू ‘संपला’ असं कोणी म्हणालं तर मी विषय बदलतो.

षटकं कुठे मिळणार, हे न विचारणं

फिरकी नेटमध्ये शिकता येते, पण पिकते ती सामन्यात, चाळिसाव्या षटकात. इंग्लंडने शोएब बशीरला २०२४ मध्ये विशाखापट्टणमला २० व्या वर्षी उतरवलं, तेव्हा त्याच्या गाठीला मोजकेच प्रथम श्रेणी सामने होते. उंची आणि उसळी बघून केलेली ती निवड धाडसाची होती, मला ती आवडलीही होती. पण त्याच्या सॉमरसेट काउंटीत जॅक लीच आधीच बसलेला, त्यामुळे कसोट्यांच्या मध्ये त्याला षटकांसाठी दुसऱ्या काउंट्यांकडे उसना जावं लागलं. याच्या नेमकं उलट सायमन हार्मर. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून भारतात आला, नंतर संघाबाहेर गेला, मुंबईत येऊन फिरकीचे धडे गिरवले, एसेक्ससाठी वर्षानुवर्षं हजारो चेंडू टाकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकाता व गुवाहाटी मिळून भारताचे १७ बळी घेतले. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

आणि पुढची रांगही मोजा. पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी आहेत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात त्याच हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी करत होते. हर्ष दुबेही डावखुरा फिरकीपटू, फलंदाजीही करतो. जडेजा आणि अक्षर पटेल नेमके तसेच. तेव्हा तीन-चार वर्षांत त्याला किती कसोट्या मिळाल्या यावरून त्याचं माप काढू नका. विदर्भ परगावी खेळत असताना, पहिल्या दिवशी चहापानानंतर, धावफलकावर २ बाद २४० असताना त्याच्या हातात चेंडू असेल, तेव्हाची दहा षटकं बघा.