9999 नंतर थेट शून्य

सांगलीत घरूनच एका बँकेचा कोबोल भाषेतला जुना प्रोग्राम सांभाळतो. त्यातला काउंटर 9999 नंतर थेट शून्यावर यायचा. तो ठेवलेला हाफवर्डात, म्हणजे 2 बाइटांत, आणि त्यात तर 32767 पर्यंत मावतं, मग ही काय भानगड?

कंपायलरला लिस्ट ऑप्शन लावून असेंब्ली, म्हणजे त्याने बनवलेल्या मशीनच्या सूचनांची यादी, काढली. एएच या सूचनेने बेरीज. मग एसआरडीएने ती चिन्हासकट रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यांच्या) सम-विषम जोडीत 64 बिटांवर पसरलेली, डीने 10000 ने भागलेली आणि एसटीएचने सम रजिस्टर साठवलेलं. तिथंच मेख! भागाकार विषम रजिस्टरात जातो, समात उरते बाकी. आकडा जाहीर केलेल्या अंकांइतकाच कापणारा ट्रंक(एसटीडी) ऑप्शन लावलेला होता, त्यामुळे काउंटरची व्याख्या एस9(4) म्हणजे चारच अंक, हे कंपायलर इमानेइतबारे पाळत होता.

काउंटरचं फील्ड एस9(9) कॉम्प-5 केलं; या प्रकारात अंकांवर काटछाट होत नाही. भागाकार गेलाच, तोही महागडा होता. फक्त 2 बाइटचे 4 होतात, त्यामुळे रेकॉर्डचा लेआउट (कुठलं फील्ड कुठल्या बाइटवर) आधी तपासा.