मदतफेरी काढताय? डबा हातात घेण्याआधी एवढं करा

2019 साली सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा आमच्या मंडळानेही मदतफेरी काढली होती. बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी गोणपाटाखालची दहाची नोट काढून डब्यात टाकली आणि विचारलं, "कुठं देणार बाळा हे?" आम्ही सातजण होतो, उत्तर एकाकडेही नव्हतं. फेरीची तयारी या प्रश्नापासूनच करायला हवी.

म्हणून आधी बैठक घ्या. 'पूरग्रस्तांसाठी' असं मोघम लिहू नका. कोणतं गाव, मदत रोख द्यायची की शाळेची वह्या-पुस्तकं घ्यायची, फेरी किती दिवस, पैसे कोणाच्या ताब्यात, हे सगळं ठरावात येऊ द्या आणि त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या.

मग परवानगी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधलं कलम 41क बहुतेकांना गणपतीच्या वर्गणीपुरतंच ठाऊक असतं. पण धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या कुठल्याही मंडळाला ते लागू होतं. धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करता येतो. ठरावाची प्रत, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधी परवानगी घेतली असेल तर त्या वेळचा हिशेब हाताशी ठेवा. विनापरवाना पैसे गोळा केले तर शिक्षेची तरतूद आहे. फेरीचा मार्ग आणि वेळ स्थानिक पोलीस ठाण्यातही लेखी कळवा.

पैसे मंडळाच्या बँक खात्यातच जायला हवेत. क्यूआर कोड अध्यक्षांच्या खात्याचा असला तर माणूस कितीही सज्जन असो, संशयाला जागा राहतेच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून पैसे मागवू नका, त्याला परकीय देणग्यांचा वेगळा कायदा लागतो. पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक छापून घ्या आणि कोणतं पुस्तक कोणाला दिलं ते वहीत लिहून ठेवा. देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असं तशी मान्यता नसताना कुणाला सांगू नका.

आता रस्ता. इथे माझं मत ठाम आहे: गाडी अडवायची नाही. दोरी बांधून किंवा चौघांनी आडवं उभं राहून ट्रकवाल्याकडून शंभर रुपये घेतले तर ती मदत म्हणता येत नाही. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली गुन्हा आहे; धाक घालून पैसे घेतले तर कलम 308 खाली खंडणीचा गुन्हा लागू शकतो. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमध्ये शिरणंही टाळा, लहान मुलांना तर तिथे पाठवूच नका. एसटी स्टँडबाहेरची मोकळी जागा किंवा आठवडी बाजार बरा. दुकानांपुढून रांगेत जा, गळ्यात ओळखपत्र असू द्या. कुणी नाही म्हटलं तर नमस्कार करून पुढे चला.

डब्याला कुलूप हवं, झाकणावर कागद चिकटवून दोघांच्या सह्या हव्यात. चादर धरून फिरण्याची जुनी रीत आहे, पण भरल्या चादरीतले पैसे वाटेत कुणी मोजत नाही आणि वाद तिथेच होतात. डबे त्याच संध्याकाळी, मंडळाबाहेरच्या एका माणसासमोर फोडा. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावा. फाटक्या, घामाने चिकटलेल्या नोटा वेगळ्या काढा, त्याही लिहा. डब्यागणिक रक्कम, बेरीज, सह्या, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. चहा-नाश्ता आणि गाडीचं पेट्रोल मंडळाच्या पैशातून करा, डब्यातून नको.

मदत पोहोचवली की घेणाऱ्याची पोच घ्या. पुरात सगळं गेलेल्या माणसाला पाकीट हातात धरून फोटोसाठी उभं करू नका, सही पुरते. परवानगीपत्रात दिलेल्या मुदतीत धर्मादाय कार्यालयाला हिशेब सादर करा आणि तोच फलकावर लिहून बाजाराच्या दिवशी चौकात लावा: किती जमले, कुठे दिले, किती उरले. अक्षर मोठं काढा. भाजीच्या पाटीमागे बसलेल्या बाईला जागेवरून वाचता यायला हवं.