ईव्हीची १२ व्होल्टची बॅटरी सारखी उतरतेय? नवीन घ्यायच्या आधी हे तपासा

ईव्हीत दोन बॅटऱ्या असतात, गाडी पळवणारी मोठी आणि ही छोटी १२ व्होल्टची. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आणि गाडी मात्र ढिम्म, कधीकधी तर दरवाजाही उघडत नाही. कारण मोठ्या बॅटरीची वीज आत सोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने उघडझाप होणारे दणकट स्विच (रिले), ते १२ व्होल्टवर चालतात, लॉक, स्क्रीन, सगळी कंट्रोल युनिटं पण त्यावरच. छोटी बसली की मोठी असून नसल्यासारखी.

एकदा झालं तर एखादा दिवा राहिला असेल. पण परत परत होत असेल तर लगेच बॅटरी बदलू नका, मी बदलली होती आणि नवीनसुद्धा तीन आठवड्यांत बसली. शोधायचं एवढंच, की बॅटरी चार्ज धरत नाही, की गाडी तिला भरत नाही, की बंद गाडीत कुणीतरी ती पितंय. याच क्रमाने बघा.

१. बॅटरी धरते का?
बॉनेट आणि डिकी उघडी ठेवा (नंतर लॉक उघडणार नाही), आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, बाहेरच्या चार्जरने फुल चार्ज करा आणि तशीच रात्रभर राहू द्या. सकाळी १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ठीक, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. काहीही न जोडता एवढी पडली तर बॅटरीच गेली. व्होल्टेज चांगलं दिसलं तरी एक लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्या, कारण लेड-ॲसिड बॅटरी दोन-चारदा पूर्ण उतरली की आतून खराब होते, लोड आला की मान टाकते. तुमची १२ व्होल्टची बॅटरी लिथियम असेल तर हे आकडे लावू नका, तिचे वेगळे असतात आणि चार्जरही तिला चालणाराच हवा.

२. गाडी तिला भरते का?
ईव्हीत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीची वीज उतरवून छोटीला देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हे काम करतो. निगेटिव्ह परत जोडा, गाडी रेडी मोडला (चालवायला तयार) आणा आणि टर्मिनलवर मीटर लावा, साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. दहा मिनिटं बघून पण १२.३, १२.४ वरच अडकलं तर आधी टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं आहे का बघा, मग सर्व्हिसला न्या. कन्व्हर्टर स्वतः उघडू नका आणि नारिंगी केबलला हात लावू नका, त्यात जीवघेणं व्होल्टेज असतं.

३. बंद गाडीत कोण पितंय?
खरी गंमत इथे आहे आणि वेळही इथेच जातो. निगेटिव्ह केबलवर डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा, मिलिअँपिअर नीट दाखवणारा हवा. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला म्हणजे गाडीला ते बंद वाटेल, गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा, फोनवरचं ॲप उघडू नका आणि किमान एक तास थांबा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, घाबरू नका, युनिटं एकेक करून झोपतात. शेवटी बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. ५०० वर राहिलं तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत संपली.

मग फ्यूज उपटत बसू नका, उपटला की युनिटं जागी होतात आणि सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांना लावा, जिथे शून्य नाही तिथून करंट जातोय. तो फ्यूज कशाचा ते झाकणावर बघा.

बहुतेकदा दोषी आपणच लावलेलं काहीतरी निघतं, थेट वायर मारलेला डॅशकॅम, ओबीडी पोर्टमधला (गाडी तपासायच्या सॉकेटमधला) डोंगल, दर थोड्या वेळाने गाडीला उठवणारं ॲप, पार्किंगमधला कॅमेरा मोड. माझ्याकडे डोंगलच होता. हे सगळं काढून परत मोजा. तरी आकडा खाली येत नसेल तर दरवाजाच्या लॉकमधला स्विच, चिकटलेला रिले किंवा सॉफ्टवेअर, आणि तिथे सर्व्हिसवाल्यांना नुसतं "बॅटरी उतरते" असं न सांगता किती वाजता किती करंट होता आणि कुठल्या फ्यूजवर, हे लिहून द्या.