युद्धकाळातली जीप उघडायची तर

‘बेचाळीसची मिलिट्री विलीज’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनलेली जीप, म्हणून दाखवलेल्या गाडीची चासी (खालचा सांगाडा) युद्धकाळातली, बॉडी नंतरची, मागचा अ‍ॅक्सल महिंद्राचा आणि इंजिन मॅटॅडोर टेम्पोचं डिझेल, असं सर्रास आढळतं. महाराष्ट्रात ते साहजिकही आहे. लष्कराने मोडीत काढलेल्या जीप पुढे कैक वर्षं शेतात, खाणीत, घाटात राबल्या, आणि माझगावला महिंद्रांनी जीप जोडायला घेतल्यावर बाजारात सुटे भाग त्यांचेच मिळू लागले. जे बसलं ते बसवलं गेलं. म्हणून पाना हातात घेण्याआधी समोर नेमकं काय उभं आहे ते भागागणिक ओळखा. हे काम एकट्याने करू नका. ज्याने अशी एक तरी गाडी पूर्ण उघडून पुन्हा जोडली आहे, त्याला सौद्याआधीच सोबत घेऊन जा.

आधी पुढच्या बंपरमागे वाकून बघा. रेडिएटरखालची आडवी दांडी गोल नळीची असेल तर चासी विलीज एमबीची, उलट्या यू आकाराच्या पत्र्याची असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यूची, म्हणजे फोर्डने बनवलेल्या त्याच जीपची. फोर्डने बऱ्याच भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, एफ अक्षर उठवलेलं असतं. पत्र्याच्या जाळीला युद्धकाळात नऊ खाचा होत्या, नागरी जीपला सात. मागे उघडणारं फळकं असेल, किंवा पेट्रोल बाहेरून भरायची सोय असेल, तर बॉडी नागरी; मिलिट्री जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि सीट उचलूनच पेट्रोल भरावं लागतं. बॉनेट उंच असेल तर ती सीजे-३बी, म्हणजे नंतरचं नागरी मॉडेल. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर ८० इंच भरायला हवं.

विलीजचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर बंपरमागे आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पाटीवर असतो. फोर्डचा त्याच पट्टीच्या माथ्यावर ठोकलेला असतो. तो आरसी बुकाशी जुळला नाही, किंवा आकडे घासून पुन्हा ठोकल्यासारखे वाटले, तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या.

कागदांचा विचार आत्ताच करायचा, कारण त्यावर पुढची बरीच कामं ठरतात. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. डिझेल इंजिन तसंच ठेवून विंटेज नोंदणीची आशा धरू नका. दुसरी गोष्ट रंगाची. मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. अमेरिकी लष्कराचा मूळ रंग तपकिरीकडे झुकणारा, अजिबात न चमकणारा असला, तरी रस्त्यावरचा पोलीस तो फरक पाहत बसणार नाही. रंगाचा नमुना आरटीओत दाखवून लेखी उत्तर घ्या आणि मगच डबा उघडा.

उघडायला इंची पाने लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. मिलिमीटरचे पाने ‘जवळपास’ बसतात आणि नटांचे कोपरे गोल करून ठेवतात. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे न कळल्याने लांब पाइप लावून स्टड तोडणारे पुष्कळ. याहून गंभीर गोष्ट रिमची. मिलिट्री रिम दोन भागांची, ८ नटांनी जोडलेली असते. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या ८ नटांना हात लावू नका. हवा भरलेली असताना ते सोडले तर रिमचा अर्धा भाग गोळीसारखा सुटतो, आणि समोरचा माणूस वाचेलच असं नाही.

बॉडी चासीवरून उचलण्याआधी दोन्ही दारांच्या मोकळ्या जागांत आणि टबात (बॉडीच्या उघड्या खोक्यात) आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून घ्या. फ्लोअर कापल्यावर टब उघडतो, आणि मग बॉनेट, काच काहीच बसत नाही. फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत मूळचं लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून फ्लोअर वरून चांगला दिसला तरी खालून चाळणी झालेला असतो. चासी मोकळी झाली की कर्ण मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी ती सरळ करा. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरपाशी आणि आडव्या दांड्यांच्या जोडांपाशी तडे शोधा. पुढचे पाटे उतरवताना डावा-उजवा लिहून ठेवा. डाव्या पाट्याला खालून जादा मदतीचा पाटा असतो.

आता ज्या एका तपासणीने पुढची मोडतोड वाचते ती सांगतो, कारण आपल्याकडच्या मिसळ गाड्यांत हाच घोटाळा सर्वात जास्त होतो. मिलिट्री जीपच्या दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे अ‍ॅक्सलच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे फेरे, ४.८८, नागरी जीपचा बहुधा ५.३८. पुढे एक आणि मागे दुसरा असेल, तर फोर-व्हील टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) तुटते. तपासायला गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक सोडा, फोर-व्हीलचा लिव्हर टू-व्हीलवर ठेवा. एक चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ ओढा. एकाने चाक हळूहळू बरोबर दोन फेरे फिरवायचं (जोडीचं चाक थांबलेलं असल्याने अ‍ॅक्सलच्या लेखी तो एकच फेरा), दुसऱ्याने खाली आडवं पडून शाफ्टचे फेरे मोजायचे. रेघ पाच फेऱ्यांच्या जराशी अलीकडे थांबली तर ४.८८, पाच पूर्ण होऊन वर एक तृतीयांशाहून थोडी जास्त गेली तर ५.३८. पुढे-मागे दोन्हीकडे मोजा. चुकीचा अ‍ॅक्सल निघाला तरी तो फेकू नका. नागरी जीप उभी करणाऱ्या कुणाला तरी तोच हवा असतो, आणि त्याच्याकडे तुमचा मिलिट्री अ‍ॅक्सल पडलेला असू शकतो. या छंदात पैशांपेक्षा अशी अदलाबदल जास्त चालते.

त्यासाठी विचारणंही नीट हवं. ‘हा पार्ट कुठला?’ एवढं विचारून कुणी काही सांगू शकत नाही. कास्टिंग नंबरवरची घाण तारेच्या ब्रशने काढा, वर खडू चोळा म्हणजे आकडे उठून दिसतात, बाजूला स्टीलची पट्टी ठेवा आणि मग फोटो काढा. ट्रान्स्फर केसचं बेअरिंग मागताना मधल्या शाफ्टचा व्यास कॅलिपरने मोजून सांगा: युद्धकाळात तो ३/४ इंच होता, नंतर १ १/८ आणि पुढे १ १/४ झाला. बाहेरून तिन्ही केस सारख्याच दिसतात. उलट, चाकांची बेअरिंगं महिंद्राची सहज चालतात. चाकाचा हब ओढून काढायचा पुलर आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं हत्यार वर्षातून एकदा लागतं. चार जणांत एकेक घेतलं तरी पुरतं.

इंजिन मूळचं असेल तर ते चार सिलिंडरांचं, २,१९९ सीसी, साइड व्हॉल्व्हचं. उघडल्यावर ब्लॉक उकळून घ्या आणि व्हॉल्व्ह सीट ते सिलिंडर या अरुंद जागेत तडा शोधा. बोअरिंगचे पैसे तपासणीनंतरच द्या. पाण्याच्या पोकळीत मागच्या सिलिंडरभोवती गंजाचा चिखल साचतो. तो निघाला नाही तर रेडिएटर नवा असूनही गाडी घाटात तापते.

टायमिंगला, म्हणजे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला, चेन आहे की गिअर, हे ऑइल पंप मागवण्याआधी बघा. युद्धकाळात चेन होती, पुढे गिअर आले. गिअरवाल्या इंजिनात कॅमशाफ्ट उलटा फिरतो, त्यामुळे कॅमशाफ्ट आणि पंप एकमेकांना चालत नाहीत. पंप बसवताना त्याच्या खाचेतच डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते. एक दात इकडे-तिकडे झाला की टायमिंग जुळत नाही, आणि माणूस उगाच कार्बोरेटर खोलत बसतो.

टॅपेटची (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या खुंटीची) फट थंड इंजिनावर ०.०१४ इंच, आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या दोन्ही व्हॉल्व्हना. फीलर गेज ओढताना लोण्यातून सुरी जावी तशी हलकी ओढ लागली पाहिजे. हेड मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ६० ते ६५ फूट-पाउंडवर आवळा. पॉइंटची फट ०.०२०, प्लगची ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

विजेचं काम ६ व्होल्टचं. सेल्फ रडत फिरतो म्हणून लोक १२ व्होल्ट करतात, पण बहुतेक वेळा दोष तारेचा असतो. ६ व्होल्टला त्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो, आणि बाजारात मिळते ती बारीक बॅटरी केबल तो वाहू शकत नाही. ५० चौरस मिमीची केबल घाला आणि इंजिन ते चासी वेगळी अर्थ पट्टी रंग खरवडून बसवा.

ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. एक पाइप गेला की चारही चाकं गेली. म्हणून जुना पाइप एकही ठेवू नका. तांब्याचा नको, कारण तो कंपनाने कडक होऊन चिरतो, स्टीलचाच घ्या. व्हील सिलिंडर पुढे १ इंच, मागे ३/४ इंच. उलटे बसले तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी होते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे असतो. तिथला ऑइल सील गळत असेल तर पट्टा कितीही आवळला तरी धरणार नाही.

गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबर ऑइल घाला; काही जीएल-५ ऑइलं पितळी सिंक्रोला (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) खातात. पंपावरच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने इंजिनाच्या पेट्रोल पंपातला जुना डायफ्रॅम आणि रबरी नळ्या फुगतात, तेव्हा चालू करण्याआधीच त्या बदला. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एकाची नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर, दुसऱ्याचा हात इग्निशनवर, तिसरा आग विझवायचं सिलिंडर घेऊन उभा असावा. काटा लगेच हलला नाही तर बंद करा. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की हेड पुन्हा आवळा आणि टॅपेट पुन्हा तपासा. पहिले ५०० किमी ताशी ५५ च्या आत चालवा, मग ऑइल बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरा: काळी भुकटी असेल तर हरकत नाही, पिवळे चकचकीत कण दिसले तर पुढे न चालवता संप (इंजिनखालचं ऑइलचं पात्र) उतरवा.