साथीच्या काळात दीर्घकालीन आजार असलेल्यांनी मनाची काळजी कशी घ्यावी

साथ आली की धास्ती सगळ्यांनाच वाटते. पण मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोग असलेल्या माणसाची धास्ती निराधार नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. कोविड-१९ च्या साथीत मृत्यूच्या बातमीला ‘रुग्णाला आधीपासून इतर आजार होते’ हे वाक्य अनेकदा जोडलेले असे. निरोगी वाचकाला त्यातून दिलासा मिळत असेल, पण ज्याला ते आजार होते त्याच्या जिवाला त्यानेच घोर लागत असे. अशा माणसाला ‘उगाच घाबरू नका’ असे सांगणे म्हणजे त्याला आणखी एकटे पाडणे होय.

या भीतीचा मोठा भाग उपचारांच्या अनिश्चिततेतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांत केलेल्या पाहणीत ५३ टक्के देशांत उच्च रक्तदाबाचे आणि ४९ टक्के देशांत मधुमेहाचे उपचार अंशतः किंवा पूर्णतः विस्कळीत झाल्याचे आढळले होते. म्हणून मनाची काळजी ध्यानधारणेपासून नव्हे, तर औषधांच्या डब्यापासून सुरू करावी असे माझे स्पष्ट मत आहे. ‘उद्या माझे काय होईल’ या प्रश्नाला उत्तर नसते, पण ‘उद्या औषध संपले तर काय करायचे’ याला असते, आणि जीव टांगणीला लागलेला असताना अशा उत्तरांचाच खरा आधार वाटतो.

प्रकृती ठीक असतानाच आपल्या डॉक्टरांना फोन करून किंवा भेटून काही गोष्टी विचारून घ्याव्यात: किती दिवसांची औषधे घरात असावीत, कोणती तपासणी पुढे ढकलली तरी चालेल आणि कोणती अजिबात नाही, ताप आला किंवा जेवण जाईनासे झाले तर कोणते औषध चालू ठेवायचे व कोणत्या औषधाचा डोस बदलायचा, आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला गाठायचे. डायलिसिससारखे उपचार लांबवता येत नाहीत, त्यामुळे नेहमीचे केंद्र बंद पडल्यास पर्याय कोणता, हेही ठरलेले असावे. संसर्गाच्या भीतीने कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. दीर्घकाळ घेत असलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे तर जिवावर बेतू शकते. २०२० मध्ये कोविडवर उपयोगी पडेल या आशेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाची मागणी एकाएकी वाढली आणि ते नेहमी घेणाऱ्या ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) व संधिवाताच्या रुग्णांना अनेक ठिकाणी ते मिळेनासे झाले. अशा टंचाईची चाहूल लागताच पर्यायी औषधाविषयी विचारावे, शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नये.

मिळालेली उत्तरे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावीत. त्यावर आजारांची नावे, औषधे व त्यांचे डोस, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि जवळच्या दोन माणसांचा फोन क्रमांक असावा. हा कागद घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. रात्री दोन वाजता मनात काहूर माजते तेव्हा आठवणीवर विसंबून राहावे लागत नाही, एवढा तरी भार त्यामुळे नक्की हलका होतो.

यानंतरचा प्रश्न मोजमापाचा आहे. ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र हाताशी असले की पुन्हा पुन्हा मोजण्याचा मोह होतो, आणि प्रत्येक आकड्याबरोबर जीव खालीवर होतो. बोट थंड असले किंवा नखाला रंग असला तरी ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. फुफ्फुसांचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, म्हणून स्वतःचा सामान्य आकडा कोणता आणि कोणत्या आकड्याला रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे. मोजण्याच्या वेळा ठरवून घ्याव्यात, नोंद करावी आणि यंत्र बाजूला ठेवून द्यावे. त्रास जाणवला तरच मधे मोजावे. तणावातील संप्रेरकांमुळे रक्तातील साखर वाढते. त्यामुळे पथ्य सांभाळूनही आकडा चढला तर स्वतःला दोष देत बसू नये.

छातीत धडधडणे, श्वास अपुरा वाटणे, घाम फुटणे ही लक्षणे भीतीचीही असतात आणि आजाराचीही, हीच सर्वांत मोठी अडचण आहे. भीतीचा झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो; अशा वेळी बसून, घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांबवावा. मात्र छातीत दुखत असेल, बसल्या जागीही दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून अंगावर काढू नये, लगेच वैद्यकीय मदत मागवावी. आपण उगाच धावपळ करायला लावली असे नंतर वाटले तरी त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

बातम्या दिवसातून एकदा, खात्रीच्या ठिकाणी वाचल्या म्हणजे पुरे.

घरच्यांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. काळजीपोटी ते सगळे निर्णय स्वतःकडे घेतात: कोणी भेटायचे, खोलीबाहेर केव्हा यायचे, काय खायचे. रुग्णाला यातून जपले गेल्यापेक्षा डांबले गेल्यासारखे वाटते, आणि आपल्यामुळे सगळ्यांचे जगणे अडले ही बोच मनात घर करते. यासाठी घरातील नियम रुग्णाला सोबत घेऊन ठरवावेत आणि त्याला झेपेल असे एखादे काम खरोखर त्याच्यावर सोपवावे. रोज एकाशी तरी असे बोलणे व्हावे ज्यात प्रकृतीचा विषयच निघणार नाही.

साथ ओसरू लागली की एक वेगळे एकटेपण येते. इतरांचे व्यवहार सुरळीत होतात, पण अवयव प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये लसीचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे त्यांची सावधगिरी संपत नाही. अशांनी भेटायला येणाऱ्याला मास्क लावण्याची विनंती संकोच न करता करावी, आणि इतरांनी ती विनाचर्चा मानावी.

कोविड-१९ साथीच्या पहिल्या वर्षभरात जगभरात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. जाणे शक्य नसेल तर फोनवरूनही सल्ला घेता येतो. आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी त्यांना दाखवावी, कारण मनाच्या काही औषधांचा इतर औषधांशी मेळ बसत नाही. दीर्घकालीन आजारात खचलेपण नेहमीच शब्दांत बाहेर येत नाही. माणूस मुद्दाम गोळ्या चुकवू लागतो, इन्सुलिन टाळतो, ‘आता कशाला तपासणी’ म्हणू लागतो. असे दिसल्यास रागावू नये. जगणे नकोसे झाले आहे का, हे त्याला शांतपणे आणि थेट विचारावे. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे सोडू नये, औषधांचा साठा विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात देऊन रोजचा डोस तिच्या हातून द्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.